कारुसोची आठ वर्षं : 1895 ते 1903



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर तालुक्याच्या गावात गाणं शिकवलं. गाणं मोठ्या शहरात ऐकलं जातं, पण तयार होतं ते दुसरीकडेच, असं ते मानत. म्हणून आज एका मोठ्या गायकाच्या मोठेपणाविषयी बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. तो मोठा व्हायच्या आधीच्या आठ वर्षांविषयी बोलायचं आहे.

गायकाचं नाव एन्रिको कारुसो. नेपल्सचा टेनर. 1895 मध्ये त्याने पहिल्यांदा ऑपेराच्या रंगमंचावर पाऊल ठेवलं आणि 1903 मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरामध्ये उभा राहिला. त्यानंतरची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामोफोनच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच त्याचा चेहरा भेटतो. त्यामुळे आपली अशी समजूत होते की हा आवाज पूर्ण वाढलेलाच जन्माला आला आणि यंत्राने तो टिपून घेतला. खरी हकिगत फार वेगळी आहे आणि मला ती जास्त मोलाची वाटते.

आधी टेनर म्हणजे काय, ते आपल्या कानांना समजेल अशा भाषेत सांगतो. युरोपात पुरुषांच्या आवाजांची ढोबळ विभागणी होते. सर्वांत खालचा बास, मधला बॅरिटोन आणि सर्वांत वरचा टेनर. आपल्याकडे गवई स्वतःची पट्टी निवडतो. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये. तानपुरे त्याच्यासाठी लागतात, हार्मोनियमवाला त्याच्याकडे बघून षड्ज धरतो. ऑपेरात हे स्वातंत्र्य नाही. रचनाकाराने जो स्वर कागदावर लिहिला तोच, त्याच उंचीवर गायचा. साठ-सत्तर वादकांचा ताफा समोरच्या खड्ड्यात बसलेला असतो. त्यांच्या वाजण्याच्या वरून, ध्वनिवर्धकाशिवाय, तो स्वर शेवटच्या गॅलरीपर्यंत पोचवायचा. टेनरची खरी परीक्षा होते ती तारसप्तकातल्या पांढरी एकवर, ज्याला ते ‘हाय सी’ म्हणतात. आवाज मधल्या पट्ट्यातून वर चढताना एका ठिकाणी सांधा बदलतो. तो सांधा ज्याला नीट जुळवता आला नाही त्याचा आवाज वर गेला की चिरकतो, आणि तोही दोन हजार लोकांसमोर.

तरुण कारुसोचा आवाज नेमका तिथेच चिरकायचा.

त्याचा जन्म 1873चा, नेपल्समधल्या एका कामगाराच्या घरातला. एकवीस भावंडांतला तो अठरावा, अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं छापली जात होती. पुढे नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा मुलं सातच निघाली. गरिबी मात्र खरीच होती. अकराव्या वर्षी त्याला एका यांत्रिक कारखानदाराकडे उमेदवारीला घातलं. तिथे सार्वजनिक पाण्याची कारंजी तयार होत. तो चर्चमध्ये गायचा, पुढे कॅफेत आणि कुणाच्या तरी खिडकीखाली पैसे घेऊन गायचा. पंधराव्या वर्षी आई गेली. अशाच गाण्यात एका बॅरिटोन मित्राने त्याला ऐकलं आणि गुल्येल्मो व्हेर्जिने या शिक्षकाकडे नेलं. व्हेर्जिनेला आवाज फारसा आवडला नाही. खिडकीच्या फटीतून वारा शिरावा तसा हा आवाज आहे, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. तरीही त्याने शिकवायला घेतलं. करार मात्र असा केला की पुढच्या मिळकतीतला चौथा हिस्सा गुरूला, आणि तोही प्रत्यक्ष गायलेले दिवस मोजून पाच वर्षं भरेपर्यंत! तसं मोजत बसलं असतं तर म्हातारपणापर्यंत हिस्सा देणं चालू राहिलं असतं. पुढे त्यावरून कज्जा झाला आणि तडजोडीने मिटला. पण व्हेर्जिनेने एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे आवाजावर जोर करायचा नाही. सगळे टेनर ओरडून टाळ्या घेत असताना या मुलाला त्याने दाबून ठेवलं. या एका शिस्तीसाठी मी त्याला बरंच माफ करायला तयार आहे.

मध्येच लष्कराचं बोलावणं आलं. रिएतीच्या छावणीतल्या एका संगीतप्रेमी मेजरने त्याचं गाणं ऐकलं आणि या पोराच्या हातात बंदूक देणं चुकीचं आहे हे ओळखलं. धाकटा भाऊ जोव्हान्नी त्याच्या जागी सैन्यात गेला आणि कारुसो सुटला. गायकांच्या चरित्रांत असे भाऊ एका ओळीत येऊन जातात. जोव्हान्नी गेला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

15 मार्च 1895 रोजी नेपल्सच्या तेआत्रो नुओव्होमध्ये त्याचं पदार्पण झालं. ऑपेरा होता मोरेल्ली नावाच्या एका हौशी रचनाकाराचा. तो आज कुणालाही आठवत नाही आणि तेव्हाही फारसा चालला नाही. त्यानंतर काझेर्ता, कैरो, सिसिली, सालेर्नो अशी भटकंती सुरू झाली. त्या काळी इटलीच्या लहान लहान गावांतही ऑपेराचं थिएटर असे, आणि प्रत्येक हंगामाला टेनर लागत. पैसा थोडा, सराव त्याहून थोडा, आणि प्रेक्षक निर्दय. स्वर फुटला की तिथल्या तिथे शिट्या. पण दुसऱ्या रात्री पुन्हा उभं राहायचं असे. सालेर्नोत त्याला व्हिन्चेन्झो लोम्बार्दी हा वाद्यवृंदसंचालक भेटला. वरच्या स्वरांचा जो सांधा व्हेर्जिनेला सोडवता आला नव्हता, तो सोडवायला कारुसोला लोम्बार्दीची मदत झाली. आवाज डोक्यात न नेता, मधल्या पट्ट्याचा भरलेला रंग तसाच ठेवून वर कसं जायचं, हे त्याला हळूहळू सापडत गेलं. हळूहळू हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. 1897च्या उन्हाळ्यात लिव्होर्नोला ‘ला बोएम’ करण्याआधी तो त्याचा रचनाकार पुच्चिनी याला भेटून गाऊन दाखवायला गेला. त्यातल्या गाजलेल्या पदात तोच हाय सी आहे. कारुसो ते पद अर्धा स्वर खाली उतरवून गायचा. म्हणजे वादकांनाही त्या पदापुरतं खाली उतरावं लागे. पुच्चिनीने ते चालवून घेतलं. ज्याने तो स्वर लिहिला त्यालाच आवाजाचा रंग त्या स्वराहून मोलाचा वाटला.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण माझं आजचं म्हणणं त्यातच आहे. कारुसो वर आला तो जिवंत रचनाकारांच्या बरोबरीने. नुसत्या गळ्याने तो वर गेला नसता.

त्या वेळी इटलीत काय चाललं होतं ते पाहा. मिलानमध्ये ऑपेराचे दोन मोठे प्रकाशक होते. एक रिकोर्दी, ज्यांच्याकडे व्हेर्दी आणि पुच्चिनी होते. दुसरा एदोआर्दो सोन्झोन्यो. सोन्झोन्योने एकांकी ऑपेरांची स्पर्धा लावली आणि तिच्यातून मास्कान्यीचा ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ निघाला. 1890 मध्ये तो रोमला रंगमंचावर आला आणि इटलीच्या रंगभूमीची हवाच बदलली. राजे, सरदार, देवदेवता मागे पडल्या आणि गावातली माणसं, त्यांचा मत्सर, त्यांचे खून रंगमंचावर आले. या नव्या ऑपेरांना नव्या जातीचा टेनर हवा होता. जुन्या घडणीचे टेनर वरच्या स्वरांत नाजूक कलाकुसर करत. हे नवे रचनाकार मात्र मधल्या पट्ट्यात, माणूस जिथे बोलतो, रडतो, भांडतो, त्याच उंचीवर आवाजाचा सगळा भार टाकत होते. कारुसोच्या गळ्यात नेमका तिथेच खजिना होता. त्याचा मधला आवाज इतका भरीव होता की कधी बॅरिटोनचा भास व्हावा.

सोन्झोन्योने मिलानमध्ये स्वतःचं थिएटर चालवलं होतं, तेआत्रो लिरिको. 27 नोव्हेंबर 1897 रोजी तिथे चिलेआच्या ‘लार्लेझियाना’चा पहिला प्रयोग झाला. नायक एक खेडवळ तरुण, प्रेमात पोळलेला. त्याचा एक विलाप आहे. ऑपेरा फारसा टिकला नाही, विलाप टिकला, आणि आजही प्रत्येक टेनर तो शिकतो. तो पहिल्यांदा गायला चोवीस वर्षांचा कारुसो. जवळजवळ एका वर्षाने, 17 नोव्हेंबर 1898 रोजी, त्याच थिएटरात जोर्दानोचा ‘फेदोरा’ आला. नायिका होती जेम्मा बेल्लिंचोनी, तेव्हाची फार मोठी गायक-अभिनेत्री. नायकाची भूमिका तिचे पती रोबेर्तो स्तान्यो करायचे होते, पण त्यांचं निधन झालं आणि जागा रिकामी राहिली. ती कारुसोकडे आली. दुसऱ्या अंकात नायकाला एक पद आहे, जेमतेम दोन मिनिटांचं. त्यात चमत्कृती नाही, हाय सीही नाही. मधल्या पट्ट्यातून एक लांबलचक ओळ उठते, भरत जाते आणि विरते. संचालकाच्या जागेवर जोर्दानो स्वतः होता. लोकांनी ते पद पुन्हा मागितलं. दुसऱ्या दिवसापासून करार पावसासारखे कोसळू लागले, असं कारुसो नंतर सांगत असे. सेंट पीटर्सबर्ग, ब्युनोस आयर्स, सगळं त्यानंतरच्या वर्षभरात आलं.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण हे असंच आपल्याकडेही घडलेलं आहे. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते शकुंतला होऊन. शकुंतला, सुभद्रा या भूमिकांवर भाऊराव कोल्हटकरांची छाया होती. ज्यांनी भाऊरावांना ऐकलं होतं ते थिएटरात तुलना करायलाच बसलेले असणार. पण 1911 मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली दिल्या, आणि भामिनी झालेल्या बालगंधर्वांची तुलना करायला कुणी उरलं नाही. मग 1916 मध्ये ‘स्वयंवर’ आलं आणि त्याच्या चालींमागे भास्करबुवा बखले होते. नाटककार जिवंत, चाली बांधणारे जिवंत, आणि तालमीत समोर बसलेले. गळ्याची जात ओळखून पद बांधलं जात होतं आणि पदामुळे गळा वाढत होता. कारुसो आणि बालगंधर्व यांचं गाणं एकमेकांपासून फार लांब आहे. पण दोघांनाही स्वतःच्या काळाने नवी पदं दिली.

याची उलटी बाजूही पाहू. कारुसोला जिथे जिथे थंड स्वागत मिळालं, तिथे बहुतेक ठिकाणी श्रोत्यांच्या कानात आधीचा कुणीतरी होता.

जानेवारी 1900 मध्ये रोमला पुच्चिनीच्या ‘तोस्का’चा पहिला प्रयोग व्हायचा होता. ती भूमिका आपल्याला मिळेल अशी कारुसोला आशा होती. मिळाली दे मार्की या अधिक नावाजलेल्या टेनरला. हे त्याला लागलं असणारच. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत त्याने ती भूमिका त्रेव्हिझो आणि बोलोन्याला केली. आणि 26 डिसेंबर 1900 रोजी तो मिलानच्या ला स्कालाच्या रंगमंचावर आला. ऑपेरा ‘ला बोएम’, संचालक तोस्कानिनी. सरावात कारुसो वरचा स्वर पूर्ण आवाजात देत नव्हता, त्यामुळे तोस्कानिनी चिडलेला. पहिल्या रात्री तब्येत ठीक नव्हती. मिलानचं प्रेक्षागृह थंडच राहिलं. पुढच्याच महिन्यात मास्कान्यीच्या ‘ले मास्केरे’चा प्रयोग झाला. एकाच रात्री इटलीतल्या सहा शहरांत तो एकदम सुरू करण्यात आला होता, आणि स्कालात लोकांनी तो हाणून पाडला. म्हणजे नवं असलं की तरलंच असंही नाही. हे मी लपवणार नाही.

मग 17 फेब्रुवारी 1901. दोनीझेत्तीचा ‘लेलिझीर दामोरे’, 1832 सालचा, सत्तर वर्षांचा जुना ऑपेरा. रिकाम्या झालेल्या तारखा भरून काढायला घेतलेला. सुरुवातीला लोक गप्प. पहिल्या अंकातलं नायक-नायिकेचं युगुलगीत आलं आणि थिएटर कोसळलं. तोस्कानिनीने त्याला मिठी मारली आणि स्कालाचा व्यवस्थापक गात्ती-कासाझ्झा याला म्हणाला की हा नेपल्सचा पोरगा असाच गात राहिला तर जग याच्याविषयी बोलेल. ही आठवण गात्ती-कासाझ्झानेच नोंदवली आहे. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं उदाहरण आहे, कारण पद जुनं होतं. मला मात्र असं वाटतं की नव्या ऑपेरांत मधला आवाज भरायला शिकलेला गायकच त्या जुन्या पदात इतकं सोसलेलं माणूसपण आणू शकला. त्या रात्री दोनीझेत्तीला चिलेआ आणि जोर्दानोची शिकवण मिळाली, असं म्हटलं तरी चालेल.

त्याच वर्षाअखेर, 30 डिसेंबर 1901 रोजी, तोच ऑपेरा घेऊन तो घरी गेला, नेपल्सच्या सान कार्लोमध्ये. तिथे फेर्नांदो दे लुचियाचं राज्य होतं. नाजूक, नक्षीदार गाणारा जुन्या घडणीचा टेनर, शिवाय गावचा लाडका. गावातल्या जाणत्यांनी हात आखडता घेतला, वर्तमानपत्रांनी चुका मोजल्या. प्रयोग काही पडला नाही, त्या हंगामात त्याने तिथे आणखी प्रयोगही केले. पण कारुसोने मनात गाठ बांधली. नेपल्सला येईन ते जेवायला, गायला नाही. आणि 1921 मध्ये त्याच गावात मरेपर्यंत तो तिथे रंगमंचावर पुन्हा गायला नाही. मला या हट्टाचं कौतुक नाही, दुःख आहे. ज्या गावाच्या गल्ल्यांत हा आवाज घडला त्याच गावाला तो पूर्ण भरात असताना ऐकता आला नाही.

आता या हकिगतीतला तो भाग, जो थेट आपल्यापर्यंत येतो. मार्च 1902 मध्ये कारुसो स्कालात फ्रांकेत्तीच्या ‘जेर्मानिया’ या नव्याकोऱ्या ऑपेरात गात होता. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग तेव्हा मिलानमध्ये होता. त्याने कारुसोला विचारलं. कारुसोने दहा पदांचे शंभर पौंड मागितले. गाइसबर्ग सांगतो की लंडनच्या कचेरीने तार करून एवढी रक्कम द्यायला मनाई केली आणि त्याने ती तार बाजूला ठेवली. 11 एप्रिल 1902 रोजी, ज्या हॉटेलात वर्षापूर्वी व्हेर्दी वारला होता त्याच हॉटेलच्या एका खोलीत, कर्ण्यासमोर उभं राहून कारुसो एका दुपारी दहा पदं गायला.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याच्या आवाजाचा दाब कर्ण्यातून एका पातळ पडद्यावर पडे, पडद्याला जोडलेली सुई हले आणि मेणावर रेघ कोरली जाई. हे यंत्र मधले स्वर घेई, अगदी खालचे आणि अगदी वरचे गाळून टाकी. व्हायोलिन कुठल्या कुठे हरवत, सोप्रानोचा, म्हणजे स्त्रियांचा उंच आवाज पातळ होई. भरीव मध्य असलेला टेनर मात्र त्यात जवळजवळ अख्खा उतरे. जे नव्या रचनाकारांना हवं होतं तेच नेमकं यंत्रालाही हवं होतं. आणि त्या दहा पदांची यादी बघा. दोन ‘जेर्मानिया’तली, म्हणजे महिनाभराची जुनी. एक ‘तोस्का’तलं, दोन वर्षांचं, त्याला आधी नाकारल्या गेलेल्या भूमिकेतलं. एक मास्कान्यीच्या ‘इरिस’मधलं, जेमतेम साडेतीन वर्षांचं. दहांपैकी चार पदं अशी की ज्यांचे रचनाकार हयात होते आणि ज्यांची शाई अजून नीट वाळली नव्हती.

तोच गाइसबर्ग त्याच वर्षी बोटीने पूर्वेकडे निघाला आणि कलकत्त्याला पोचला. तिथे नोव्हेंबर 1902 मध्ये त्याच्या कर्ण्यासमोर गायिका गौहर जान उभ्या राहिल्या. तासाचा ख्याल तीन मिनिटांत कसा बसवायचा ते त्यांनी त्या खोलीत शोधून काढलं, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत सांगायच्या. आपल्याकडच्या तबकड्यांची ती सुरुवात. मिलानमध्ये कारुसोसमोर बसलेला माणूस सात महिन्यांनी गौहर जानसमोर बसला होता. आपल्या नाट्यपदांच्या तबकड्या, बालगंधर्वांचा घराघरांत पोचलेला आवाज, हे सगळं या वाटेने आलं.

लंडनविषयी फार बोलत नाही. 14 मे 1902 रोजी कव्हेंट गार्डनला ‘रिगोलेत्तो’, समोर नायिका म्हणून नेली मेल्बा, आणि यश सरळ होतं. नोव्हेंबरमध्ये मिलानला चिलेआचा ‘आद्रियाना लेकुव्ह्रर’ आला, पुन्हा पहिला प्रयोग, पुन्हा लिरिको. आणि 23 नोव्हेंबर 1903 रोजी न्यूयॉर्क. तिथे पुन्हा तेच जुनं दुखणं. न्यूयॉर्कच्या कानात पोलंडचा जाँ दे रेश्के बसला होता. सुसंस्कृत, देखणा, खानदानी टेनर. समीक्षकांनी कारुसोचा आवाज मान्य केला आणि त्याच्या इटालियन लकबींवर नाक मुरडलं. दे रेश्केला विसरायला न्यूयॉर्कला थोडा काळ लागला. 1 फेब्रुवारी 1904 रोजी व्हिक्टर कंपनीसाठीच्या तबकड्या सुरू झाल्या. त्यानंतर लोक थिएटरात येण्याआधीच त्यांच्या घरात कारुसो असे. तो मेट्रोपोलिटनमध्ये आठशेहून अधिक वेळा गायला. 1910 मध्ये पुच्चिनीचा ‘ला फान्चुल्ला देल वेस्त’ तिथेच पहिल्यांदा रंगमंचावर आला, तोस्कानिनीच्या हाताखाली. दहा वर्षांपूर्वी रोमला दुसऱ्या टेनरला पसंती देणाऱ्या पुच्चिनीच्या त्या नव्या ऑपेराचा नायक या वेळी कारुसो होता.

आज जगातल्या ऑपेरागृहांत तरुण टेनर कमी नाहीत, आणि तयारीतही ते कमी नाहीत. पण त्यांच्या वाट्याला येतात त्या भूमिका बहुतेक शंभर वर्षांपूर्वीच्या असतात, आणि प्रत्येक भूमिकेवर कारुसोसकट वीस जणांच्या ध्वनिमुद्रिका उभ्या असतात. आपल्या नाट्यसंगीताच्या स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसतो तेव्हा हेच दिसतं. मुलं सुरेल आहेत, दमसास उत्तम आहे, आणि सगळी ‘स्वयंवर’ गातात. त्यांच्यासाठी कुणी पद बांधलेलं नाही. कुठल्या तरी संस्थेने दर वर्षी एक नवं संगीत नाटक, एका विशिष्ट तरुण गळ्याला समोर ठेवून, लिहून घ्यावं अशी माझी मागणी आहे. दहातली सात पडतील. ‘ले मास्केरे’ सहा शहरांत एका रात्री सुरू झाला होता आणि तरीही पडला होता.

बोलणं पुरे. संयोजकांनी इथे यंत्र आणून ठेवलं आहे. 1902च्या अखेरीस मिलानमध्ये कारुसोने ‘फेदोरा’तलं ते दोन मिनिटांचं पद तबकडीवर दिलं, आणि पियानोवर साथीला जोर्दानो स्वतः बसला. खरखर बरीच आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा. पहिल्या ओळीत गायक कुठे श्वास घेतो आणि त्यासाठी पियानो किती थांबतो, तेवढं ऐका. त्यानंतर लगेच गौहर जानांची कलकत्त्याची तबकडी लावणार आहोत.